गंजीखालची जांभळी

संभाजीनगरहून कन्नडला एसटीने जेमतेम दोन तास लागतात. "याला काय प्रवास म्हणायचा?" असं माझ्या मैत्रिणीने विचारलं. ती नुकतीच सिमल्याला जाऊन आली होती. माझ्या वडिलांची प्रवासाची व्याख्या मात्र साधी आहे. जिथे दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यावं लागतं, तो प्रवास. मी तीन दिवस दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायले, दुसऱ्याच्या चुलीवरचं जेवले आणि दुसऱ्याच्या भांडणात पडले. तेव्हा लिहायला हरकत नाही.

वडील वैजापूरच्या बाजारात मापाडी आहेत. कांदा, कापूस, मका जे येईल ते मापतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले, आता शहरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि रानातल्या अळंबीवर पीएच.डी. करते. आई अजून शेजारणींना सांगते, "कुत्र्याच्या छत्र्यांवर अभ्यास करायलीय आमची." आईचं काही चुकत नाही.

या प्रवासाचं निमित्त आमच्या प्रयोगशाळेतले परिचर भानुदासकाका. मी याच कॉलेजात शिकायला पहिल्यांदा आले तेव्हा मला सूक्ष्मदर्शकाचा आरसा कुठे वळवायचा हेही माहीत नव्हतं. आमच्या शाळेत तो कपाटात कुलूपबंद असायचा. वर्गातली मुलं हसली असती, पण काकांनी त्याआधीच माझ्या मागून हळूच आरसा वळवून दिला आणि टेबल पुसत पुढे गेले. हे मी विसरलेले नाही.

गेल्या भाद्रपदात काकांनी डब्याच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली अळंबीची एक छत्री काढून माझ्यापुढे ठेवली. सुकून आक्रसली होती, पण रंग शाबूत होता. लांबट वांग्याचं देठ उचकटल्यावर खाली जो फिकट जांभळा दिसतो, अगदी तोच.

"माझी बहीण खाते," काका म्हणाले. "तिची सून घरात शिजवू देत नाय. दोन वर्सं झाली, घरात यावरून तोंडं वाकडी हायेत. म्याडम, तुम्ही एकदा या अन् एकदाचं सांगा. भाजी हाय का ईख?"

ईख म्हणजे विष. मी म्हटलं, पुढच्या साली येते.

मग वर्षभर मी पुस्तकं चाळली. ही जांभळी अळंबी युरोपात मोठ्या आवडीने खातात. आपल्याकडे तिची लहान चणीची बहीण उगवते. पण तिला कोणत्या घरात बसवावं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. सुरुवातीला टोपीखाली गिल, म्हणजे पात्यांसारखे पापुद्रे, असलेल्या सगळ्याच छत्र्या एका मोठ्या वाड्यात राहायच्या, तशी तीही अ‍ॅगॅरिकस होती. मग अंगकाठी बघून तिला ट्रायकोलोमात नेलं. बीजाणूंचा गुलाबीसर रंग आणि खरखरीत अंग बघून लेपिस्टा म्हटलं. कुणी म्हणालं, एवढ्यासाठी वेगळं घर कशाला, क्लायटोसायबेत घाला. आता डीएनए तपासणारे म्हणतात की ती कोलिबियाची. आमच्या सरांना लेपिस्टा पटतं. विभागातल्या दुसऱ्या मॅडमना ते ऐकवत नाही. त्या दोघांचं चहाच्या वेळचं बोलणं ऐकून मला सोयरीक मोडलेल्या दोन घरांची आठवण येते.

गुरुवार: कन्नड

महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, बसायला तीन दिवस होते. एसटीत पिशव्यांची गर्दी. मुखवट्यांसाठी नवी वस्त्रं, मक्याची कणसं, एका बाईच्या मांडीवर तर अख्खं केळीचं पान उलगडून ठेवलेलं. वेरूळला अर्धी गाडी रिकामी झाली. बाहेरगावचे लोक इथेच उतरतात, लेणी बघतात आणि परततात. त्यांच्या पुढचा रस्ता जास्त चांगला आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. दोन्ही बाजूंना मका डोक्याच्या वर गेलेला, कपाशीला कळ्यांचं पातं लागलेलं, आणि लांबवर डोंगराची निळसर रेघ हळूहळू हिरवी होत जाते.

कन्नडला आठवडी बाजार नव्हता, तरी स्टँडबाहेर भाज्यांचे वाटे मांडले होते. भानुदासकाका आदल्या दिवशीच गावी आले होते. ते घ्यायला आले ते थेट भाजीवाल्यांच्या रांगेत शिरले. बहिणीने यादी दिली होती. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. मराठवाड्यात हे कुणाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. पंधरा चालत नाहीत.

"किती झाल्या?" मी विचारलं.

"शेतातल्या नऊ, या सहा. पंधरा."

"आणि सोळावी?"

काका हसले. "त्यासाठीच तर तुम्हाला आणलंय."

आमच्या घरी हा प्रश्न आई वेगळ्या रीतीने सोडवते. लाल भोपळ्याचं फळ एक, पानं दुसरी, फुलं तिसरी. एकाच वेलाच्या तीन भाज्या. लहानपणी मी विचारलं होतं की झाड तर एकच आहे. आई म्हणाली, "चव एक हाय का?"

कन्नडहून काळीपिवळी जीपने फाट्यापर्यंत आणि तिथून पायी. वाटेतला ओढा गुडघाभर. काकांनी चप्पल हातात घेतली. मी बूट घातले होते, कारण पुस्तकात लिहिलेलं असतं की संकलनाला जाताना बूट घालावेत. ते काढायचा कंटाळा केला आणि तिसऱ्या पावलाला घसरून पाण्यात बसले. पाठीवरच्या पिशवीतले सगळे कागद भिजले. त्यात छत्रीचे बीजाणू पाडून घ्यायचे खास काळे-पांढरे कागदही होते.

"पुस्तकात वढा नसंल," काका म्हणाले आणि हात दिला.

वस्ती चार घरांची. पत्र्याची छपरं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, मागे मका आणि त्याच्याही मागे अभयारण्याचा डोंगर. आमचं काम डोंगरात नव्हतंच. तिथलं काही तोडायला परवानगी लागते. आम्हाला हवी होती ती घरामागच्या कडब्याच्या जुन्या गंजीखाली.

गयाआक्का, म्हणजे काकांची थोरली बहीण, दारातच उभ्या होत्या. साठीच्या, उंच, नऊवारीचा ओचा खोचलेला. माझे भिजलेले कपडे बघून त्यांनी विचारलं, "हीच का शास्त्रज्ञ?"

"हीच," काका म्हणाले.

"वढ्यानं परीक्षा घेतली म्हन की."

आतून सून सुरेखा हसत आली आणि कोरडं लुगडं पुढे केलं. बोलता बोलता कळलं की तिचं माहेर वैजापूर तालुक्यातलं. मग काय, पाऊण तास आम्ही आमच्या बाजाराचं, तिथल्या भज्यांचं आणि एकाच दुकानातल्या बांगड्यांचं बोलत बसलो. तिने ज्वारीची गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोडक्याच्या शिरांचा ठेचा वाढला. शिरा फेकायच्या नसतात हे मला ठाऊक होतं, पण त्यांत भाजलेले तीळ घालतात हे नव्हतं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

शुक्रवार: गंजीच्या बुडाशी

सकाळी आक्का विळा घेऊन पुढे आणि मी मागे. गंज दोन वर्षांपूर्वीची, बसकी झालेली, एका अंगाने कुजून काळी पडलेली. आक्कांनी ओला कडबा हाताने बाजूला सारला, जशी आई झोपलेल्या लेकराच्या तोंडावरची गोधडी सारते.

तिथे त्या होत्या. नऊ-दहा. सगळ्यांत मोठी माझ्या तळहाताएवढी, लहान बोराएवढ्या. वरून जांभळट तपकिरी, खालून गिल नितळ जांभळे. हातात घेऊन नाकाशी धरली तर मोसंबीची साल सोलल्यासारखा बारीक वास. पुस्तकातल्या चित्रांत मी ती शेकडो वेळा पाहिली होती. तरी मी मातीत गुडघे टेकून बराच वेळ नुसती बघत राहिले.

उपटायला हात घातला तोच आक्कांनी मनगट धरलं. "मुळासकट नाय. इथून." विळ्याने जमिनीच्या बोटभर वर देठ कापलं आणि उरलेल्या बुंध्यावर कडबा पुन्हा पसरला. "झाकून ठेवली की पुढल्या साली हितंच येती. माझ्या सासूनं दाखवलं तवापासून गंजीची जागा बदलली नाय मी."

मला नमुन्यासाठी बुंधाही लागतो. तसं सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार करून एकच दिली. "एक ने. शाळेसाठी."

तेवढ्यात भांडण सुरू झालं. आक्कांची धाकटी जाऊ चंद्रकलाबाई पलीकडच्या घरात राहतात. गळ्यात तुळशीची माळ, चातुर्मास कडक. कांदा, लसूण, वांगं बंद; वशाट, म्हणजे मटणमासा, तर दूरच. त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "बाई, म्याडमसमोरच सांगते. त्ये देवीच्या पानावर घालू नगा. रंग वांग्याचा अन् चव वशाटाची."

"तू कधी खाल्लंस?" आक्का.

"वास येतो की माझ्या घरापोत्तर!"

"वासावरनं जात ठरवती का तू?"

सुरेखा भांडी घासता घासता म्हणाली, "काकू, वशाट असू द्या नाहीतर वांगं. माझं म्हणणं वेगळंच हाय. आमच्या माहेरी शेजारच्या घरात छत्री खाल्ली अन् चौघं दवाखान्यात. माझी दोन लेकरं हायेत. मी हात लावनार नाय."

तर हा वाद असा तीन तोंडी होता. आक्का म्हणायच्या भाजी, जाऊबाई म्हणायच्या वशाट, सून म्हणायची विष. आणि तो नुसता बोलण्याचा नव्हता. आक्कांच्या सासूच्या काळापासून या घरात महालक्ष्म्यांच्या पानावरची सोळावी भाजी ही जांभळी असायची. तीन वर्षांपूर्वी आक्कांनी सण सुनेच्या हाती दिला आणि सुनेने त्या जागी बाजारातली फरसबी ठेवली. आक्का तेव्हापासून दर साली अंगणात तीन दगडांवर आपल्यापुरती जांभळी शिजवतात आणि एकट्या खातात.

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तुम्ही सांगा," जाऊबाई म्हणाल्या. "झाड हाय का जनावर?"

मला हा प्रश्न फार आवडला. वर्गात हा प्रश्न यावा म्हणून मी वाट बघत असते. मी उत्साहाने सांगून टाकलं की अळंबी झाडच नव्हे. तिला हरितद्रव्य नाही, ती उन्हातून अन्न करत नाही. तिचं कुळच निराळं, आणि वंशावळ काढली तर ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची निघते.

"ऐका!" जाऊबाई टाळी देऊन म्हणाल्या. "शहरातून म्याडम आल्या अन् त्यांनी पन त्येच सांगितलं!"

आक्कांनी टोपलीतल्या छत्र्यांवर पदर टाकला आणि घरात गेल्या. मी खरं तेच सांगितलं होतं. पण त्या पाठमोऱ्या गेल्या तेव्हा मला वाटलं, परीक्षेत सगळं बरोबर लिहून मी प्रश्नच चुकीचा वाचला.

भानुदासकाका एवढंच म्हणाले, "म्याडम, ती विचारत व्हती पानावर चालतं का. तुम्ही वंशावळ सांगितली."

दुपारी आणखी एक नुकसान. आक्कांनी दिलेला एकुलता नमुना मी ओट्यावर सुकायला ठेवला होता तो शेळीने खाल्ला. काका शेळीपुढे बसून म्हणाले, "चला, हिला काय झालं नाय तर सुनबाईचा प्रश्न सुटला." मला हसू आवरेना, पण सांगावं लागलं की शेळीला चालतं ते माणसाला चालेलच असं नाही. सुरेखा लांबून म्हणाली, "बघा मामा, म्याडम माझ्या बाजूच्या." म्हणजे एका दिवसात मी दोन्ही विरोधी पक्षांना सामील झाले होते.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात सुरेखाच्या शेजारी बसले. तिला म्हटलं, तुझी भीती खरी आहे. जांभळ्या रंगाच्या दुसऱ्याही छत्र्या असतात आणि त्यांतल्या काही घातक. पण ओळखायची एक खूण आहे. टोपी रात्रभर पालथी ठेवली की खाली बीजाणूंची पूड पडते. पूड गंजलेल्या लोखंडासारखी तांबडी पडली तर ती आपली नव्हे, हात लावायचा नाही. फिकट गुलाबी पडली तर आपली. कागद मात्र माझे ओढ्यात गेले.

सुरेखा उठली आणि मुलांच्या दप्तरातून पाटी काढून आणली. तिच्या एका अर्ध्यावर मी वहीचा पांढरा कागद ठेवला, आक्कांच्या टोपलीतल्या एका छत्रीची टोपी दोन्हींवर अर्धी अर्धी येईल अशी पालथी घातली. सुरेखाने स्वतः वाटी पालथी झाकली आणि वर वरवंटा ठेवला.

"मांजर येतं," ती म्हणाली.

शनिवार: पाटी

सकाळी मी उठायच्या आत चुलीपुढे तिघी जमल्या होत्या. जाऊबाईसुद्धा, दुधाचं निमित्त काढून. सुरेखाने वरवंटा काढला. वाटी मी उचलली.

काळ्या पाटीवर गिलांच्या बारीक रेषांचं अर्धं चक्र उमटलं होतं. महालक्ष्म्यांपुढे काढायच्या रांगोळीसारखं. पांढऱ्या कागदावरची पूड बघितली, दारात उजेडात नेऊन पुन्हा बघितली. फिकट गुलाबी. तांबडेपणा औषधालाही नाही.

"तर?" सुरेखा.

"तांबडी नाही," मी म्हटलं. "त्या तांबड्या पुडीच्या छत्र्यांना देठाशी असतो तो जाळीसारखा पडदाही नव्हता, वासही जुळतो. ही तीच. आणि आक्का ती इतकी वर्षं खातात, हा माझ्या पाटीपेक्षा मोठा पुरावा आहे. पण गंजीखालची, याच जागेची, एवढंच मी सांगू शकते. दुसरीकडच्या छत्रीबद्दल मला विचारू नका, आणि मुलांना यंदा देऊ नका."

हे मी इथेही लिहून ठेवते. हा मजकूर वाचून कुणी रानातली छत्री तोडू नये. मी दहा वर्षं शिकते आहे आणि मीही एकटीने तोडत नाही.

"ईख नाय, ठीक हाय," जाऊबाई म्हणाल्या. "पन वशाटाचं काय?"

मी काल अर्धंच सांगितलं होतं. आता उरलेलं सांगायला तोंड उघडलं, तोच आक्का बोलल्या. कालपासून पहिल्यांदाच.

"चंद्रकला, कोंबडं कापलं तर त्येच खुराड्यात त्येच कोंबडं परत येतं का?"

"नाय."

"मेथी खुडली तर?"

"येती."

"ही बी येती. चाळीस वर्सं मी कापतेय, अन् चाळीस वर्सं हितंच येती. जे कापल्यावर संपतं ते वशाट. जे कापल्यावर परत येतं ती भाजी. माझ्या सासूनं सांगितलं त्ये एवढंच. म्याडमची वंशावळ म्याडमपाशी."

मी हळूच म्हटलं, "चंद्रकलाबाई, आक्कांचं बरोबर आहे. ही खरी राहते ती कडब्याखाली, पांढऱ्या धाग्यांच्या जाळ्यात. वर येतं ते तिचं फळ. आपण फळ कापतो, ती जिवंतच राहते." हे काल सांगितलं असतं तर आक्कांचा एक दिवस वाचला असता. पण मग मला मेथी आणि कोंबडं मिळालं नसतं.

जाऊबाईंनी बराच विचार केला. "वांग्याचा रंग हाय, मी खानार नाय," त्या शेवटी म्हणाल्या. "पन पान तुमचं. मी काय बोलनार नाय."

मराठवाड्यातल्या जाऊने याहून जास्त काय द्यावं?

तरी एक गोष्ट उरली होती. या घरात जांभळीचा एक नियम आहे. जी तोडील तिने ती पहिल्यांदा स्वतः खायची, बाकी कुणी नाही. मग मध्ये एक रात्र तरी गेली पाहिजे. त्यानंतरच देवीच्या पानावर आणि घरच्यांच्या ताटात. आक्कांच्या सासूबाई आधी खायच्या, नंतर आक्का. आक्कांनी विळा घेतला आणि पायरी उतरायला लागल्या.

"आत्या," सुरेखा म्हणाली, "विळा द्या."

"मी आनते की."

"सण माझ्या हातात दिलाय ना तुम्ही? मग तोडनार मी."

"तोडलीस तर खावी लागंल," आक्का म्हणाल्या. अगदी सरळ आवाजात.

"म्हाईत हाय."

आक्कांनी विळा दिला, पण मागोमाग गेल्या. मी दारातूनच बघितलं. सुरेखा वाकली, कडबा सारला, आक्कांनी वरून बोटाने जागा दाखवली. सुरेखाने बोटभर वर कापलं आणि कडबा पुन्हा पसरला. आक्कांनी खाली बसून तिने पसरलेला कडबा पुन्हा एकदा सारखा केला. सासूच ती.

भाजी कशी केली ते सांगते. कच्ची कधी खायची नाही. आधी उकळत्या पाण्यात शिजवून ते पाणी फेकायचं. मग तेलात जिरं, हिरवी मिरची, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि मीठ. कांदा-लसूण नाही, कारण पान देवीचं. शिजताना रंग उडतो. एवढी रेशमासारखी जांभळी, कढईत पाच मिनिटांत मातकट होते. जाऊबाई लांबून डोकावल्या आणि म्हणाल्या, "आता तर वांग्याचा रंग बी नाय ऱ्हायला." आणि हसत निघून गेल्या.

यंदा चूल घरातलीच होती. अंगणातले तीन दगड रिकामे.

सुरेखाने वाटीत दोन चमचे घेतले. भाकरीचा तुकडा मोडला, घास केला आणि थांबली. तेव्हा आक्का येऊन तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या, त्याच वाटीत बोटं घातली आणि आधी आपण खाल्लं.

"तोडली तू," आक्का म्हणाल्या. "दाखवली मी."

मग सुरेखाने खाल्लं. चावताना तिच्या भुवया वर गेल्या. "आत्या, एवढी गोड लागती अन् तुम्ही तीन वर्सं एकट्या खाताय?"

"बोलावलं असतं तर आली असतीस का?"

मलाही घासभर मिळाला. चव मऊ, किंचित गोडसर, पहिल्या उकडलेल्या शेंगांची आठवण देणारी.

रविवारपासून पुढे

रविवारी सकाळी सुरेखा विहिरीवर धुणं आपटत होती. मला बघून ओरडली, "ताई, जित्ती हाय बरं का!" पुढे काकांनाही तिने हेच ऐकवलं.

महालक्ष्म्या त्याच दिवशी येणार होत्या. आमच्याही घरी येतात, म्हणून मला थांबता आलं नाही. आक्कांनी ओटीत मक्याची दोन कणसं आणि एक नारळ घातला. जाताना मी आक्कांनी पुन्हा दिलेल्या नमुन्याच्या पाकिटावर नोंदी लिहीत होते. जागा, तारीख, कशावर उगवली. नावाच्या रकान्यात मी प्रजाती शाईने लिहिली आणि तिच्या आधी येणारं घराण्याचं नाव पेन्सिलीने. आमच्या सरांनी हे शिकवलं आहे: ज्यावर थोर लोक भांडत आहेत ते पेन्सिलीने लिहावं.

आक्का वाकून बघत होत्या. "काय लिवलं?"

"तिचं नाव. पण घर अजून ठरलं नाही."

"घर कसं ठरलं नाय? त्ये काय मागं!" त्यांनी गंजीकडे हात केला.

परतताना ओढ्यात मी बूट काढले.

सोमवारी दुपारी वैजापूरला आमच्या घरी पूजा झाली, नैवेद्य झाला. आई पानं उचलत होती तेव्हा फोन वाजला. सुरेखाने फोटो पाठवला होता. दोन मुखवटे, समोर केळीचं पान, पुरणपोळी, आंबील आणि कडेने भाज्या. खाली एकच ओळ: ताई, मोजा.

मी आईपुढे फोन धरला. आईला अशी कामं आवडतात. तिने बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. दोडका, कारलं, भेंडी, गवार, चुका, आळू. भोपळा आला, भोपळ्याची फुलं आली. तिथे आई थांबून माझ्याकडे बघून हसली. म्हणजे कन्नडच्या बायकाही अशाच मोजतात तर! पंधरा झाल्या. पानाच्या कोपऱ्यात एक मातकट, साधीशी भाजी उरली. त्यावर तिचं बोट थांबलं.

"ही कसली गं?"

माझ्याजवळ तिची पाच नावं होती.

"गंजीखालची," मी म्हटलं.

"अस्सं. सोळा," आई म्हणाली आणि पानं उचलायला गेली.